‘रीड’ या क्रियापदाचे देणे

इंग्रजी भाषेतील लहान आणि रोजच्या वापरातील क्रियापदे कोशकारांना नेहमीच जेरीस आणत आली आहेत. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे या कोशाच्या नव्या आवृत्तीचे काम चालू असताना, २०११ च्या सुमारास, ‘रन’ या क्रियापदाने तो मान घेतला आणि त्याच्या एकट्याच्या अर्थच्छटा सहाशेंच्या पलीकडे गेल्या. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’ ही मंडळीही फार मागे नाहीत. या श्रीमंतांच्या पंक्तीत ‘रीड’ हे क्रियापद अगदीच मध्यमवर्गीय म्हणावे लागेल. शिकलेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ विचारला, तर तो ‘वाचणे’ असे सांगून मोकळा होईल. कोश उघडण्याची गरज त्याला भासणार नाही. या बिनतक्रार समीकरणाविषयीच प्रस्तुत लेखात मला काही म्हणावयाचे आहे.

त्याला निमित्त आहे ते माझ्या व्यवसायाचे. पदव्युत्तर वर्गांना साहित्यसिद्धान्त मराठीतून शिकवणाऱ्याला भाषांतर टाळता येत नाही. रिचर्ड्‌सपासून दे मानपर्यंतच्या समीक्षाविचारात हे क्रियापद आणि त्यापासून साधलेले ‘रीडिंग’ हे नाम पानोपानी येते, आणि आपण त्याच्यापुढे ‘वाचन’ हा शब्द ठेवतो. सूक्ष्म वाचन, अपवाचन, प्रतिवाचन, दूरस्थ वाचन, स्त्रीवादी वाचन, उत्तरवसाहतवादी वाचन अशी परिभाषा आता रुळली आहे. ‘अमुक कादंबरी : एक वाचन’ या घाटाची शीर्षके आपल्या नियतकालिकांत आणि प्रबंधांत इतकी सवयीची झाली आहेत, की तेथे पूर्वी ‘आस्वाद’, ‘रसग्रहण’, ‘परीक्षण’, ‘विवेचन’ हे शब्द होते याचे विस्मरण व्हावे. त्या प्रत्येक जुन्या शब्दात समीक्षक नेमके काय करणार आहे याची कबुली होती : तो चव घेणार, रस ग्रहण करणार, पारखणार किंवा उलगडून मांडणार. ‘एक वाचन’ म्हणणारा अभ्यासक कशाची कबुली देतो, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना मूळ इंग्रजी क्रियापदाकडे वळावे लागले.

प्रथम त्याच्या व्यवहाराकडे पाहू. इंग्रजीत पुस्तक ‘रीड’ करतात, तसाच तळहातही करतात. मराठीत ज्योतिषी हात पाहतो. इंग्रजीत दुसऱ्याचे मन ‘रीड’ करतात. आपण मनातले ओळखतो. नकाशा आपण पाहतो किंवा तो आपल्याला समजतो. विजेचे मीटर पाहायला माणूस येतो आणि आकडा टिपून नेतो. त्या आकड्याला मात्र आपण ‘रीडिंग’ म्हणतो, कारण त्याच्यासाठी आपल्याजवळ सुटसुटीत शब्द नाही. बहिरा मनुष्य ओठांच्या हालचालींवरून बोलणे ताडतो. बिनतारी यंत्रावर बोलणारा इंग्रज ‘डू यू रीड मी?’ असे विचारतो, तेव्हा आपण ‘ऐकू येते का?’ असे विचारतो. म्हणजे डोळ्यांचे काम कानांकडे सोपवतो. एखाद्या कृतीचा किंवा मौनाचा तुम्ही काय अर्थ ‘रीड’ करता, याला मराठीत ‘तुम्ही याचा काय अर्थ लावता?’ असे म्हणावे लागते. विद्यापीठात एखादा विषय ‘रीड’ करणे म्हणजे त्याचा अभ्यास करणे. थोडक्यात, पाहणे, ओळखणे, ताडणे, ऐकणे, लावणे आणि अभ्यासणे या सहा-सात क्रियापदांत आपण जे काम वाटून दिले आहे, ते इंग्रजीने एकाच क्रियापदाच्या अंगावर टाकले आहे.

सार्वजनिक व्यवहारात तर या क्रियापदाने कायद्याचे बळही मिळवले. ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या आणि १७१५ साली अमलात आलेल्या दंगलविषयक कायद्यानुसार, बारा किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावापुढे अधिकाऱ्याने ठरावीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा असे. त्यानंतर तासाभरात न पांगणारा शिक्षेस पात्र ठरे. कोणाला खडसावणे या अर्थी ‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवण्याचा वाक्प्रचार तेथून आला. विधेयकाचे ‘पहिले वाचन’ आणि ‘दुसरे वाचन’ हे आपल्या विधिमंडळातील शब्दप्रयोगही छापील प्रती नसण्याच्या काळातील आहेत. तेव्हा विधेयक सभागृहात खरोखरच वाचून दाखवले जाई. उलटपक्षी, मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम करण्याची प्रथा आहेच. अध्यापकांच्या उतरंडीत अधिव्याख्याता आणि प्राध्यापक यांच्या मधली पायरी ‘रीडर’ची होती. मराठीत आपण तिला ‘प्रपाठक’ म्हणत असू. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनंतर ती पायरी सहयोगी प्राध्यापकाची झाली आणि शासनमान्य ‘वाचक’ ही जमात आपल्या विद्यापीठांतून नाहीशी झाली. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-पारलिंगी समाजाच्या ‘बॉल’ संस्कृतीत, जिची ओळख १९९० च्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटाने बाहेरच्या जगाला झाली, एखाद्याला ‘रीड’ करणे म्हणजे त्याच्यातील उणे नेमके हेरून ते चार लोकांत कौशल्याने बोलून दाखवणे. गंमत अशी की साहित्यसमीक्षेला हा अर्थ फारसा परका वाटू नये.

हा पसारा पाहिल्यावर असे वाटते, की या क्रियापदाचा मूळ अर्थ पुस्तक वाचणे हा असून बाकीचे अर्थ लक्षणेने पसरत गेले असावेत. वस्तुस्थिती उलट आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘रॅडन’ या क्रियापदाचे आधीचे अर्थ सल्ला देणे, विचारविनिमय करणे, तर्क करणे, कोडे सोडवणे असे आहेत. अक्षरे वाचणे हा अर्थ त्यांच्यातून नंतर फुटला. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद ‘राटेन’ आजही सल्ला देणे आणि तर्काने ओळखणे या दोनच अर्थांनी नांदतो. वाचण्याशी त्याचा संबंध आला नाही. कोड्याला इंग्रजीत जो ‘रिडल’ हा शब्द आहे तो याच क्रियापदापासून झालेला. त्याच्या जुन्या रूपाच्या शेवटी ‘स’ होता; बोलणाऱ्यांनी तो अनेकवचनाचा समजून गाळून टाकला. १०१६ साली मरण पावलेल्या एथेलरेड राजाला इतिहासात ‘अनरेडी’ म्हणतात. आजच्या कानाला त्याचा अर्थ ‘तयारी नसलेला’ असा वाटतो, परंतु ती मूळची कोटी आहे. एथेलरेड या नावाचा अर्थ ‘उदात्त सल्ला’. त्याला जोडलेले विशेषण सांगते की या राजाजवळ सल्ला नव्हता, किंवा होता तो वाईट होता. म्हणजे ज्याला आपण बेसावध राजा समजतो तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने वाचन चुकलेला राजा आहे.

शेजारच्या भाषांनी वाचण्यासाठी वेगळे रूपक निवडले. लॅटिन ‘लेगेरे’ आणि जर्मन ‘लेझेन’ या दोन्हींत वेचणे, गोळा करणे हा अर्थ आहे. जर्मनीत द्राक्षांच्या तोडणीलाही याच क्रियापदापासून झालेला शब्द वापरतात. वेचणाऱ्यासमोर फळ आधीच तयार असते. त्याने ते हलक्या हाताने खुडायचे. इंग्रजीने मात्र लिखित अक्षराकडे कोडे म्हणून पाहिले. जे समोर आहे ते गूढ आहे, त्याचा उलगडा तर्काने करायचा आहे, आणि उलगडा झाल्यावर त्याच्या आधारे कोणाला तरी काही सांगायचे आहे, अशी ती त्रिविध कल्पना आहे. दहाव्या शतकातील एक्झेटर हस्तलिखितात नव्वदांहून अधिक कोडी आहेत. त्यांपैकी एका कोड्यातील कसर एका थोर पुरुषाची वचने रात्री चोरासारखी खाऊन टाकते. परंतु शब्द गिळूनही तिच्या शहाणपणात भर पडत नाही. कोडी सोडवणे यालाच वाचन म्हणणाऱ्या समाजाने केवळ गिळण्याला वाचन म्हणायचे नाकारले होते, एवढे यावरून म्हणता येईल. कोट्यवधी पृष्ठे यंत्रांना गिळावयास घालणाऱ्या आपल्या काळातही या कसरीची आठवण ठेवायला हरकत नसावी.

आता ‘वाचणे’ या आपल्या क्रियापदाकडे येऊ. त्याचे मूळ संस्कृत ‘वच्’, म्हणजे बोलणे, या धातूच्या प्रयोजक रूपाकडे जाते. वाचणे म्हणजे बोलायला लावणे. मुक्या अक्षराला आपला आवाज देणे. चातुर्मासात घरोघरी श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचला जाई, तेव्हा ‘वाचणे’ या शब्दाचा हाच अर्थ प्रत्यक्षात दिसे. कित्येक ठिकाणी ओवी एकाने वाचायची आणि अर्थ दुसऱ्याने सांगायचा अशी विभागणी असे. वाचणारा अर्थाला जबाबदार नसे. त्याने उच्चार शुद्ध ठेवायचा आणि ओळ गाळायची नाही. अर्थ ‘लावणे’ हे काम वेगळे. या क्रियापदात दिवा लावणे आहे, रोप लावणे आहे आणि एका वस्तूला दुसरी वस्तू भिडवणेही आहे. तात्पर्य, इंग्रजी ‘रीड’मध्ये जे अर्थनिर्णयन जन्मापासून अंगभूत आहे, ते मराठी ‘वाचणे’मध्ये नाही. आपण ‘रीडिंग’ला ‘वाचन’ म्हटले तेव्हा शब्द आला, परंतु त्याचे कोडे आणि त्याचा सल्ला मागेच राहिले.

परंतु मराठी क्रियापदाने त्याच्या बदल्यात दुसरे काही देऊ केले होते, आणि तेही आपण घेतले नाही. ‘मी कादंबरी वाचली’, ‘मी ग्रंथ वाचला’, ‘मी पुस्तक वाचले’ या वाक्यांत कर्ता पुरुष आहे की स्त्री हे क्रियापदाला ठाऊक नसते. ते वाचलेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे वाकते. भूतकाळात, म्हणजे वाचन पुरे झाल्यावर, आपले व्याकरण वाचकाला बाजूस सारते आणि संहितेला मान देते. इंग्रजीत असे घडत नाही. तेथे दुसरीच अडचण आहे : वर्तमानकाळी आणि भूतकाळी रूपांचे लेखन एकच असल्यामुळे, कागदावर ‘मी तुकाराम रीड’ एवढेच दिसते तेव्हा, ही चालू सवय आहे की संपलेली घटना, हे उच्चार केल्यावाचून कळत नाही. आणखी एक सोय इंग्रजीजवळ आहे. तेथे कविताच कर्ता होऊन ‘चांगली रीड होते’, फलक ‘असा रीड होतो’, तापमापी अमुक अंश ‘रीड करते’. वाचणारा वाक्यातून नाहीसा होतो आणि वस्तू स्वतःच स्वतःला वाचून दाखवते. मराठीत तापमापीला काही दाखवावे लागते आणि फलकावर काही लिहिलेले असावे लागते.

याखेरीज मराठीत ‘वाचणे’ म्हणजे जिवंत राहणेही आहे. ही दोन वेगळी क्रियापदे. हिंदीने ती ‘बाँचना’ आणि ‘बचना’ अशी अलग ठेवली. जुन्या मराठी छपाईत जिवंत राहण्याच्या ‘वांचणें’वर आणि ‘शिवाय’ या अर्थाच्या ‘वांचून’वर अनुस्वार दिसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि कागदावरही ती सारखी झाली. तरी व्याकरण त्यांच्यात भेद करतेच. ‘मी कविता वाचली’ हा कर्मणी प्रयोग. ‘मी वाचलो’ हा कर्तरी. वाचताना क्रियापद कवितेचे असते, जगताना माझे. मात्र एका ठिकाणी व्याकरणाचाही इलाज चालत नाही. ‘हे पुस्तक मला वाचवत नाही’ या वाक्यात, पुस्तक वाचण्याची माझ्यात शक्ती नाही असे म्हटले आहे, की पुस्तक मला तारत नाही असे, हे केवळ संदर्भावरून ठरते. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले की विद्यार्थी हसतात. काही वर्षे मीही त्यांच्याबरोबर हसत असे.

त्यानंतर माझ्या वडिलांना मेंदूचा झटका आला. अण्णांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकून तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षे तो विषय शिकवला होता. रुग्णालयात आम्ही भावंडे एकाच प्रश्नाभोवती फिरत होतो : वाचतील ना? तेथील तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाले, “स्कॅन अजून रीड झालेला नाही. तो होऊ द्या, मग सांगतो.” संध्याकाळी अहवाल आला. करड्या आणि काळ्या डागांच्या त्या चित्रात कोणा अपरिचित तज्ज्ञाने डाव्या बाजूस मागे रक्तपुरवठा थांबल्याचे ओळखले होते, काय संभवते ते लिहिले होते, पुढे काय करावे ते सुचवले होते आणि खाली सही केली होती. तर्क, उलगडा, सल्ला : हजार वर्षांपूर्वीच्या ‘रॅडन’चे सगळे अर्थ त्या एका कागदावर होते. साहित्यसिद्धान्ताच्या कोणत्याही ग्रंथात मला ते इतके एकत्र आढळले नव्हते.

अण्णा वाचले. हात-पाय चालत होते, बोलणे स्वच्छ होते, आठवण शाबूत होती. दहाव्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र मागितले आणि थोड्या वेळाने घडी घालून बाजूला ठेवले. “मला वाचवत नाही रे,” ते म्हणाले. आम्हाला वाटले, थकवा असेल. पण अक्षरे त्यांना दिसत होती. ती अक्षरे आहेत हेही कळत होते. फक्त ती बोलत नव्हती. त्यांना लिहिता मात्र येत होते. धाकट्या बहिणीला त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चार ओळींचे पत्र लिहिले आणि पाच मिनिटांनी तेच पत्र त्यांच्यापुढे धरले तेव्हा त्यांना एक शब्दही लागला नाही. ही अवस्था वैद्यकाला नवी नाही. १८९२ साली पॅरिसमध्ये देजरीन यांनी अशाच एका सुशिक्षित गृहस्थाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यांना लिहिता येई, आकडे ओळखता येत, परंतु स्वतःच लिहिलेले वाचता येत नसे. अण्णांनाही दिनदर्शिकेवरच्या तारखा कळत, खालच्या तिथीचे नाव कळत नसे.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी एक वाट काढली. समोरच्या अक्षराच्या वळणावरून ते तर्जनी फिरवत. हाताला ओळख पटे, मग ओठांवर उच्चार येई, आणि तीन-चार उच्चार जुळले की ते शब्दाचा तर्क करत. ‘पाऊस’ हा शब्द लागायला अर्धे मिनिट जाई. कधी तर्क चुके. मग ते पुन्हा पहिल्या अक्षरापाशी येत आणि बोट नव्याने फिरवत. अडलेल्या शब्दाऐवजी बरा वाटणारा दुसरा शब्द बसवून पुढे जाण्याची मुभा त्यांनी स्वतःला कधी दिली नाही. अशा रीतीने दिवसाला पाच-सहा ओळी होत. त्या ओळी ते संध्याकाळी आईला सांगत, कारण तिने त्या ऐकल्याखेरीज त्या पुऱ्या झाल्या असे त्यांना वाटत नसे. मी तेव्हा त्यांच्या शेजारी बसून प्रबंध तपासत असे. त्या प्रबंधांत प्रत्येक कृतीची ‘अनेक वाचने संभवतात’ असे वारंवार येई. त्या वाक्यात सैद्धान्तिक दृष्ट्या चूक काही नाही, तथापि शेजारी जे चालले होते त्याच्याशी त्याचे नाते काय, हे मला सांगता येत नव्हते.

येथे एक आक्षेप संभवतो. तज्ज्ञाचा अहवाल किंवा आजाऱ्याचे अक्षर ओळखणे यांत एक बरोबर उत्तर असते. साहित्यकृती तशी नसते. तिला एकच उत्तर आहे असे मानणे म्हणजे समीक्षेला पुन्हा हुकूमशहाच्या स्वाधीन करणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे गांभीर्य समजण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक वाचन आठवावे. १८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. मराठी मजकूर इंग्रजी भाषांतरातून ज्यूरीपुढे गेला. सारा भार भारतीय दंड संहितेच्या १२४-अ या कलमातील ‘डिसअफेक्शन’ या एका शब्दावर होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की ‘अफेक्शन’चा, म्हणजे प्रीतीचा, अभाव तोच ‘डिसअफेक्शन’. द्वेष, वैर, तिरस्कार, सर्व प्रकारची दुर्भावना त्यात आली. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीयांनी दोषी आणि तीन भारतीयांनी निर्दोष असे मत दिले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती होऊन राजनिष्ठेचा अभाव आणि वैरभावना यांचा त्या शब्दात समावेश असल्याचे स्पष्टीकरण कायद्यातच घालण्यात आले. एका उपसर्गाचे ‘सूक्ष्म वाचन’ अशा रीतीने माणसाला तुरुंगात पाठवून कायद्याचे अंग बनले.

इंग्रजीत ‘रीड इन्टू’ असा एक प्रयोग आहे : जे संहितेत नाही ते तिच्यात घालून वाचणे. स्ट्रॅचींच्या हातून घडले ते हेच, असे टिळकपक्षाचे म्हणणे होते. तर लेखांमधील शिवाजी आणि अफझलखान यांच्या विषयात प्रस्तुत राजवटीविषयीचा अर्थ दडला आहे, असे सरकारपक्षाचे. ओळींच्या मधले कोणी वाचावे, हा खरा तंटा होता. या प्रकरणातून ‘म्हणून प्रत्येक वाचन सारखेच मोकळे असावे’ असा धडा घेण्याचा मोह होतो. मला वेगळे दिसते. सहा आणि तीन ही दोन ‘वाचने’ शेजारी शेजारी सुखाने नांदू शकली नाहीत. ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा तो अर्थ अन्याय्य होता असे आपण म्हणतो, तेव्हा तेही एक वाचन आहे असे म्हणून थांबत नाही. तो अर्थ त्या शब्दाला आणि त्या कलमाला पेलत नाही असे दाखवू पाहतो. हुकमी वाचनाला विरोध करण्याचा अधिकारच मुळी, वाचन चुकू शकते, या गृहीतकावर उभा आहे. जे चुकू शकत नाही ते कोणाचे चुकवूही शकत नाही.

पाश्चात्त्य समीक्षेत या क्रियापदाचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. रिचर्ड्‌सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता दिल्या आणि त्यांचे प्रतिसाद तपासून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ लिहिले, तेव्हा त्याच्या कुतूहलाचा विषय विद्यार्थी कोठे आणि का अडखळतात हा होता. वाचन फसते, म्हणून ते शिकवता येते. ब्लूमने १९७५ साली अपवाचनाचा नकाशा काढला. दे मानने १९७९ च्या ‘ॲलिगरीज ऑफ रीडिंग’मध्ये संहिता स्वतःच आपले वाचन कसे अडवते हे दाखवले. त्यांच्या मांडणीत वाचनाची अशक्यता ही वाचकाची सुटका नव्हती. ती त्याची शिक्षा होती. हिलिस मिलरला १९८७ साली वाचनाच्या नीतीवर पुस्तक लिहावे लागले ते यासाठीच. कोड्याचा आणि सल्ल्याचा तो जुना संस्कार या मंडळींच्या क्रियापदात, त्यांच्या नकळत का होईना, वाहत होता. आपण त्यांचे निष्कर्ष आणले आणि ते ‘वाचन’ या शब्दात ठेवले. आपल्या शब्दाच्या परंपरेत वाचणारा अर्थाला बांधलेला नव्हता, कारण अर्थाला जबाबदार असा दुसरा माणूस शेजारी बसलेला असे. तो दुसरा माणूस आज उठून गेला आहे. अर्थही आता वाचणाराच सांगतो, परंतु सवलत मात्र पूर्वीच्या वाचणाऱ्याची घेतो : मी फक्त वाचले.

मग पर्यायी शब्द काढावा काय? ‘अर्थनिर्णयन’ जड आहे आणि त्यात निकालाचा सूर आहे. ‘उकल’ मला जवळचा वाटतो. कोड्याची उकल होते, दोऱ्याच्या गुंत्याची होते आणि मोडीचीही होते. परंतु रुळलेला शब्द लेखकाच्या इच्छेने हटत नसतो, आणि हटवण्याची निकडही नाही. ‘वाचन’ या शब्दाकडून त्याचे दोन्हीकडचे देणे वसूल करता आले तरी पुष्कळ झाले. इंग्रजीकडून त्याच्यावर असे येणे आहे, की समोर काहीतरी अडलेले असले पाहिजे, त्याचा उलगडा तपासण्याजोगा असला पाहिजे, आणि तो कोणाला तरी उपयोगी पडेल अशा रीतीने, नाव घालून सांगितला पाहिजे. मराठीकडून असे, की काम पुरे झाल्यावर क्रियापद संहितेच्या लिंगवचनाप्रमाणे वाकले पाहिजे. कृतीपेक्षा वाचकाची भूमिकाच जेथे ठळक उरते, आणि कादंबरी कोणतीही असो, वाक्ये तीच राहतात, तेथे व्याकरणाच्या नियमाने वाचन घडलेलेच नसते. कृतीच्या गूढाला अनेक उकली असू शकतात, हे मी नाकारत नाही. अनेक उकली असणे आणि कोणतीही उकल चालणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढेच म्हणतो.

अलीकडे विद्यार्थी ‘एक वाचन’ घेऊन येतात तेव्हा मी त्यांना शीर्षक बदलायला सांगत नाही. दोन प्रश्न विचारतो. या कृतीत तुम्हाला काय लागत नव्हते? आणि आता ते लागले असेल तर तुम्ही ते कोणाला सांगणार आहात? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळ लागतो. बहुतेकांनी आपल्याला काय कळले त्याची टिपणे केलेली असतात, काय कळले नाही त्याची नसतात. ज्यांना अडलेली ओळ सापडते ते पुस्तक उघडतात आणि तिच्याखाली बोट ठेवून ती मोठ्याने म्हणतात. तेथून पुढे आम्हाला एकमेकांशी भांडता येते.